मांगरात उभी राहिलेली ई ५५ : इंजिन उघडण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून आलेली २००४ ची मर्सिडीज ई ५५ एएमजी, चाललेली १,१२,००० किलोमीटर. गाडी आधी चिपळूणला होती, मग दोन-अडीच वर्षं पावस गावाजवळ तुमच्या मांगरात, म्हणजे वाडीतल्या कोठारात, उभी राहिली. आता सकाळी पुढची डावी बाजू खाली बसलेली असते. ब्रेकची लाल सूचना कधी येते, कधी आपोआप जाते. आंबा घाट चढताना सुरुवातीला गाडी झेप घेते आणि साखरप्याच्या पुढे चार वळणांनंतर मलूल होते. एकदा गिअर दुसऱ्यातच अडकला. बॉनेटमधून जळल्यासारखा वास येतो. आणि तुमच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, इंजिन काढून उघडूया.

उघडू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी कुडाळला गॅरेज चालवतो. त्याआधी पुण्यात बरीच वर्षं या गाड्यांखाली पाठ टेकवून काढली. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या डब्ल्यू १२४ पासून, म्हणजे त्या काळच्या ई क्लासपासून, हात काळे केले आहेत. तुमची गाडी ई क्लासच्या डब्ल्यू २११ पिढीची. तिच्यातलं ५.४ लिटरचं सुपरचार्जरवालं व्ही ८ इंजिन, म्हणजे एम ११३ के, हा त्या गाडीचा सगळ्यात दणकट भाग आहे. ४७६ अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन मीटर टॉर्क ऐकून माणूस घाबरतो, आणि काही बिघडलं की बोट इंजिनाकडेच जातं. पण तुम्ही सांगितलेल्या पाच तक्रारींपैकी चार इंजिनाच्या बाहेरच्या आहेत, आणि पाचवी इंजिनाच्या झाकणाची. या सगळ्यांच्या मुळाशी मला दोनच गोष्टी दिसतात: गाडी उभी राहिली, आणि ओलाव्यात उभी राहिली. घाटावर पाच वर्षं उभी राहिलेली गाडी आणि समुद्रापासून दोन किलोमीटरवर दोन पावसाळे काढलेली गाडी यांची तुलनाच होत नाही.

आधी ब्रेक

बाकी सगळं थांबेल, हे थांबणार नाही. तुमच्या गाडीत सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल आहे. आम्ही नुसतं एसबीसी म्हणतो. नेहमीच्या गाडीत तुमच्या पायाचा दाब बूस्टर आणि मास्टर सिलिंडरमधून थेट चाकापर्यंत जातो. इथे पेडल म्हणजे जवळजवळ एक स्विच. तुम्ही किती जोरात आणि किती वेगाने दाबलं हे सेन्सर वाचतो, आणि दाब पुरवतो तो विजेवर चालणारा पंप. तो पंप एका साठवणीत १४० ते १६० बारच्या आसपास दाब धरून ठेवतो. गाडी अनलॉक केलीत किंवा दार उघडलंत की पुढून जो घूंऽऽ असा बारीक आवाज येतो, तो हाच.

ही यंत्रणा गाजली ती चांगल्या कारणासाठी नव्हे. मे २००४ मध्ये कंपनीने जगभरातल्या ६,८०,००० गाड्या हिच्यासाठी परत बोलावल्या. मार्च २००५ मध्ये १३ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यातही ब्रेकचा विषय होताच. २००६ मध्ये ई क्लासचा चेहरामोहरा बदलला तेव्हा एसबीसी काढून साधे ब्रेक परत आणले. तुमची गाडी २००४ ची, म्हणजे बरोबर मधली.

पंप बंद पडला तर ब्रेक पूर्ण जात नाहीत. पेडल खूप खोल जातं, पाय जोरात रोवावा लागतो, आणि पकड फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. सपाट रस्त्यावर गाडी थांबते, पण थांबायला अंतर फार घेते. आंबा घाटातून उतरताना, पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक असताना, हा अनुभव घ्यायचा नाही. लाल सूचना येतेय तोवर गाडी गावाबाहेर काढू नका.

आता दिलासा. सूचना कधी येते, कधी जाते, याचा अर्थ पंप मेला असं नाही. पंपाला वीज नीट मिळत नसेल तरी हीच सूचना येते, आणि उभ्या गाडीत पहिली मरते ती बॅटरी. या गाडीत बॅटऱ्या दोन आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मोठी डिकीत, तळाच्या फळीखाली. दुसरी छोटी, मोटरसायकलला शोभेल अशी, बॉनेटखाली. ती मुख्यतः एसबीसीला अडीअडचणीला वीज मिळावी म्हणून ठेवलेली. लोक मोठी बदलतात आणि छोटी तशीच बारा-बारा वर्षं राहते. तुम्ही दोन्ही बदला. मोठी एजीएम प्रकारची, म्हणजे बंदिस्त, पाणी न घालावं लागणारी, अशीच घ्या. साधी बॅटरी डिकीत बसते, पण तिची वाफ आणि तिचं आयुष्य दोन्ही गैरसोयीचं.

त्यानंतर स्टार डायग्नोसिस या मर्सिडीजच्या तपासणी मशिनीवर दोषांचे कोड वाचून घ्या. बाजारातला हजार-दोन हजारांचा स्कॅनर एसबीसीपर्यंत पोहोचतच नाही. तो इंजिनापाशी थांबतो आणि ‘काही दोष नाही’ म्हणतो. या मशिनीने ब्रेक लावण्याची मोजणीसुद्धा दिसते, कारण पंपाचं युनिट ठराविक संख्येनंतर स्वतःच ‘आता मला बदला’ म्हणतं. मोजणी पुरी झाली असेल, किंवा दाब साठून राहत नसेल, तर युनिट बदलावं लागेल. तो खर्च मोठा आहे. कुर्ल्याच्या भंगारातून उचललेलं युनिट बसवून कोणी ‘आकडा शून्य करून देतो’ म्हणाला, तर नको म्हणा. आकडा पुसून आतली झीज भरून निघत नाही.

ब्रेक ऑइल तर बदलाच. डॉट ४ प्लस. हे तेल हवेतली ओल ओढतं. कंपनी दोन वर्षं सांगते, मी किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकांना दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, पावसाळा संपल्यावर, बदलायला सांगतो.

आणखी एक. हँडब्रेक लावून गाडी महिनोन्महिने उभी करू नका. मागच्या डिस्कच्या आत छोटे ब्रेक-शू असतात, ते खाऱ्या हवेत ड्रमला चिकटतात. पार्कमध्ये टाका आणि चाकाला जांभ्याचा अर्धा चिरा लावा. अंगणात पडलेलाच असतो.

पुढची डावी बाजू

एअरमॅटिक. स्प्रिंगऐवजी रबरी फुगे, त्यात हवा, आणि हवा भरायला कंप्रेसर. पुढचा फुगा आणि शॉकअब्सॉर्बर एकाच नळीत असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. गाडी उभी असते तेव्हा रबर एकाच घडीत दुमडलेलं राहतं. चालत्या गाडीत ती घडी सतत सरकते, उभ्या गाडीत एकाच जागी मुरते आणि तिथेच तडकते. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवर विरते ना, तसंच.

मात्र लगेच स्ट्रट मागवू नका. गळती चार ठिकाणी असू शकते: फुगा, वरचं नळीचं जोड, व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या फुग्यात हवा सोडायची ते ठरवणारा ठोकळा), किंवा मधली नळी (उंदीर!). घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. सपाट जागी, म्हणजे खरंच सपाट, खळ्यातल्या उतारावर नव्हे, गाडी उभी करा. चारही चाकांपाशी, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि कागदावर लिहा. रात्रभर ठेवा. सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा. दार उघडलंत की गाडी जागी होते, स्वतःला सावरायला लागते, आणि तुमचं माप बिघडतं. पुढे डावीकडेच एकटी खाली आली असेल तर तो स्ट्रट किंवा त्याचं जोड. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर माझा संशय.

मग गाडी चालू करून उंचीवर आणा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसतो. एवढंच बघा, खाली घुसू नका. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली, जॅक-स्टँड न लावता, कधीही कोणीही जायचं नाही. वायू गेला की गाडी सावकाश बसत नाही.

कंप्रेसरबद्दल जरा लांबण लावतो, कारण कोकणात तोच जास्त मरतो आणि कोणी कारण सांगत नाही. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो. आपल्याकडे जुलैत ती हवा म्हणजे अर्धं पाणी. ही ओल शोषायला कंप्रेसरला एक ड्रायर जोडलेला असतो, त्यात दाणे असतात. गाडी खाली करताना फुग्यांतली कोरडी हवा त्याच दाण्यांतून उलट बाहेर जाते आणि त्यांना पुन्हा वाळवते. छान योजना आहे, जोवर हवा त्याच वाटेने बाहेर जाते तोवर. फुगा गळतो तेव्हा हवा दुसरीकडूनच जाते. दाण्यांना वाळायची संधीच मिळत नाही, आणि कंप्रेसर मात्र दिवसभर नवी दमट हवा ओढत राहतो. दाणे भिजतात, पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, तिथे बुरा धरतो. शिवाय जास्त चालून कंप्रेसर तापतो, त्याला वीज सोडणाऱ्या स्विचची, म्हणजे रिलेची, टोकं चिकटतात, मग गाडी बंद असली तरी तो चालतच राहतो. सकाळी बॅटरी खल्लास. एका गळक्या फुग्याने कंप्रेसर, रिले, बॅटरी आणि बॅटरीमुळे ब्रेकची सूचना अशी माळ लागते. तुमच्या गाडीत नेमकी हीच माळ असावी असा माझा अंदाज आहे.

म्हणून क्रम: गळती बंद करा, रिले नवीन टाका (स्वस्त आहे, जुनी ठेवून कंजुषी करू नका), आणि मग कंप्रेसरची परीक्षा घ्या. आधी कंप्रेसर बदलला तर तोही वर्षात जातो. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली आहे. देवगडच्या एका आंबा बागायतदाराच्या गाडीत एकाच वर्षात दोन कंप्रेसर घातले आणि दुसऱ्याचे पैसे घ्यायला मला लाज वाटली. गळती होती तीन रुपयांच्या ओ-रिंगमध्ये.

काही जण एअरमॅटिक काढून साध्या स्प्रिंग घालतात. ज्याची गाडी त्याचा निर्णय. मला विचाराल तर या गाडीची बसण्याची ऐट तिच्यातच आहे, आणि स्प्रिंग घातल्यावर डॅशवरच्या सूचना गप्प करायला जी वायरिंगची कापाकापी होते ती मला अजिबात पसंत नाही.

घाटात मलूल होणं

सुरुवातीला जोर, मग ढेपाळणं, आणि थोडा वेळ सावकाश चालवली की पुन्हा जोर. असंच होतंय ना? मग हे तापमानाचं आहे. सुपरचार्जर हवा दाबतो, दाबली की हवा तापते. ती थंड करायला पाण्याचा इंटरकूलर असतो, आणि ते पाणी फिरवायला एक छोटा विजेचा पंप. तो पंप वयाने थकतो. पाणी फिरत नाही, आत जाणारी हवा तापत जाते, आणि इंजिनाचा संगणक स्वतःचा जीव वाचवायला जोर कमी करतो. हा बिघाड म्हणायचा तर पंपाचा. इंजिन उलट शहाणपणाने वागतंय.

खात्री करायला स्कॅनर लावून घाटात आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत जा. बाहेर ३२ असताना आकडा चढत चढत ७० च्या पुढे जाऊन तिथेच बसला तर पंप. पंपाला सरळ १२ व्होल्ट देऊन हाताला कंप जाणवतो का तेही बघता येतं. बदलायला सोपा आहे, बदलल्यावर त्या मार्गातली हवा मात्र नीट काढली पाहिजे.

त्याचबरोबर पुढचे रेडिएटर धुवून घ्या. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलरचा रेडिएटर, मुख्य रेडिएटर असे थर एकामागे एक असतात आणि मधल्या फटीत जांभ्याची लाल धूळ, आंब्याचा मोहोर, किडे असं सगळं साचून त्याचा गिलावा होतो. बाहेरून स्वच्छ दिसतं. प्रेशर वॉशर नको, पात्या वाकतात. साध्या नळीने, शक्य तिथे आतून बाहेर.

दुसऱ्या गिअरमध्ये अडकणं

७०० न्यूटन मीटर पेलायला त्या काळचा नवा सात गिअरचा गिअरबॉक्स पुरा पडत नव्हता, म्हणून या गाडीत जुना पाच गिअरचा ७२२.६ आहे. नशीब समजा. काही चुकलं की तो स्वतःला सांभाळायला दुसऱ्यात थांबतो. रस्त्यात झालं तर बाजूला घ्या, पार्कमध्ये टाका, किल्ली बंद करून पंधरा-वीस सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. बहुधा घरी पोहोचाल.

कारण बहुतेकदा दोन. एक, आतली कंडक्टर प्लेट, जिच्यात वेग मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. दोन, गिअरबॉक्सच्या अंगात शिरणारं तेरा पिनांचं गोल कनेक्टर. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल झिरपतं, आणि नुसतं खाली ठिबकत नाही, वायरींच्या आतून केशनळीसारखं वर चढतं आणि थेट गिअरच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये पोहोचतं. मॉड्यूलचं प्लग काढून आत तेल लागतंय का बघा. लागत असेल तर आधी कनेक्टर बदला, प्लग स्वच्छ करा, आणि मगच गिअरबॉक्सला नावं ठेवा.

तेलाबाबत ‘हे आयुष्यभराचं, बदलायचं नसतं’ असं कोणी सांगितलं असेल तर विसरा. ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर. यात तेल बघायची पट्टी गाडीसोबत येत नाही, नळीला फक्त झाकण असतं; पट्टी गॅरेजकडे असावी लागते, आणि माप तेल ८० अंशांना तापल्यावरच घ्यायचं. थंड तेलावर अंदाजपंचे भरणारे बरेच भेटतील.

तेल काढाल तेव्हा त्याचा रंग नीट बघा. लाल असेल तर ठीक. काळपट, जळका वास, तर क्लच घासलेत. आणि सोलकढीसारखा गुलाबी-पांढरा असेल तर काम तिथेच थांबवा. गिअरचं तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या एका कप्प्यातून जातं. या पिढीच्या पहिल्या काही वर्षांतल्या काही गाड्यांत ते कप्पे आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरल्याची उदाहरणं आहेत. अशा वेळी ५० ते ८० च्या वेगात रंबल-स्ट्रिपवरून, म्हणजे रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून, गेल्यासारखा कंप येतो. तुम्ही कंपाचं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्याकडे ते नसावं. तरी रेडिएटर मूळचाच असेल तर तो बदलून टाका. रेडिएटर गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी स्वस्त.

पाणी कुठून शिरतं

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते. मामा सांगतात की २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गाडी बुडाली नव्हती. मामांवर अविश्वास नाही. पण त्या आठवड्यानंतर त्या भागातल्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि त्यातल्या काही माझ्याकडे आल्या, म्हणून बघायची सवय लागली आहे. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला. या गाडीत कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कोरडा, खालून महिनोन्महिने ओला. बोट घाला. मऊ, पिठासारखा बारीक गाळ लागला तर तो नदीचा. सीटच्या रुळांचे बोल्ट, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचं शेवटचं टोक, डिकीतल्या बॅटरीचा खड्डा, या तीन जागा धुणारा विसरतो.

गाळ नसला आणि नुसती ओल असली तर ते छपराचं किंवा काचेखालचं पाणी. पुढच्या काचेखाली जी पन्हळ असते तिला दोन्ही बाजूंना पाणी जायला भोकं आहेत. मांगराजवळ फणस किंवा काजू असेल तर ती भोकं पानांच्या लगद्याने बुजलेली असणार. पाणी साचतं आणि आत उतरतं. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या खाली जातात. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळू ओता आणि खाली बाहेर येतं का बघा. तुंबलेली असेल तर पातळ नायलॉनची दोरी सरकवा. हवेचा जोराचा फवारा मारू नका; नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग तुम्ही ती शोधत बसता.

मागच्या दिव्यांची रबरं वाळली की डिकीत पाणी येतं. तिथे बाजूच्या आवरणाआड फ्यूज आणि रिलेंचा मागचा डबा आहे, त्याला एसएएम म्हणतात. त्याच्या पिनांवर हिरवट-पांढरा बुरा दिसला तर अशा गाडीच्या निम्म्या विचित्र तक्रारींचं उत्तर तिथे असतं: काच अर्धी उतरणं, दिवा स्वतः लागणं, पेट्रोल पंपाला वीज न मिळणं. बुरा हलका असेल तर ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने निभतं.

बॅटरी मेली की डिकी बटणाने उघडत नाही आणि बॅटरी तर डिकीत. किल्लीच्या पोटात छोटी लोखंडी किल्ली असते, तिने उघडते. जंपर लावायचं टोक बॉनेटखाली लाल टोपीत आहे.

उंदरांबद्दल: डांबराच्या गोळ्यांनी माझ्या अनुभवात काही होत नाही, फक्त गाडीला आजीच्या ट्रंकेचा वास येतो. भाताचं तूस आणि पेंढा त्याच मांगरात असेल तर गाडी तिथून हलवा, हाच उपाय.

जळका वास, आणि मग इंजिन

व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केटं आणि त्यावरची श्वासाची छोटी झाकणं. रबर वाळतं, तेल झिरपून खालच्या तापलेल्या एग्झॉस्टवर पडतं, वास येतो. इंजिन न काढता होणारं काम. ते करताना स्पार्क प्लगही बघा. प्रत्येक सिलिंडरला दोन, एकूण सोळा, हिशोब करून मागवा.

पुढच्या क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी पट्टा फिरवणाऱ्या चाकाकडे, इंजिन चालू असताना टॉर्च मारून बघा. तिच्या मध्ये रबराचा थर असतो, तो सुटला की बाहेरचं कडं डुलतं, आणि पुढे कव्हर खरवडतं. डुलत असेल तर लगेच बदला. तापल्यावर गाडी अचानक बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल तर क्रँक सेन्सर. डी मध्ये उभी असताना थरथर असेल तर इंजिन माउंटिंग. त्यांत तेल असतं, ते गळून जातं. बस. या इंजिनाची दुपदरी टायमिंग चेन वगैरेची धास्ती घेऊ नका; साखळी-चक्रांची जी कुप्रसिद्धी ऐकता ती यानंतर आलेल्या एम २७२ आणि एम २७३ या इंजिनांची. मेकॅनिक बहुधा तीच ऐकून बोलतोय.

पेट्रोल. दोन वर्षं टाकीत राहिलेलं काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओल ओढतं, दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत जास्तच. रोज चालवलीत तर फार बिघडत नाही, उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. टाकी भरल्यावर मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष नको. सीटखाली टाकीची झाकणं आहेत, त्यांची सीलं बघून घ्या.

टायर दिसायला नवे असले तरी त्यावरचा चार आकडी शिक्का वाचा, आठवडा आणि वर्ष. उभी राहून एका जागी चपटे झालेले टायर १०० च्या वेगात स्टीअरिंग हलवतात आणि लोक अलाइनमेंट करत बसतात.

गंज मात्र या पिढीत आधीच्या डब्ल्यू २१० इतका नाही. तरी जॅक लावायच्या जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि मागचा सबफ्रेम दिवाळीनंतर एकदा बघा, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पोट धुवा. पाहुण्यांना खूश करायला गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, न्यायची नाही. इतकी वजनदार, मागच्या चाकांवर चालणारी, रुंद टायरची गाडी ओल्या वाळूत रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

खर्चाचा अंदाज घेताना आरटीओ विसरू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये बरंच वाढलं आहे. नोंदणी पुस्तकात गाडी आयात म्हणून लिहिलेली असेल तर ते ८०,००० रुपये होतं. मामांनी शेवटचं नूतनीकरण कधी केलं ते आधी विचारा.

सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाउसला मिळतात. चॅसी नंबर पाठवल्याशिवाय काही मागवू नका, कारण एएमजीचे भाग साध्या ई क्लासला जुळतात असं सांगून पाठवणारे आहेत.

कामाला लावण्याआधी तुमच्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: ‘पुढचे ब्रेक-पॅड बदलायचे आहेत, सुरुवात कुठून करशील?’ तो म्हणाला ‘चाक काढून’, तर चहा पाजून परत पाठवा. बरोबर उत्तर आहे, आधी डायग्नोसिस लावून एसबीसी निष्क्रिय करणार. नाहीतर कोणी दार उघडलं, किंवा खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं गेलं, की पंप जागा होतो आणि पिस्टन पूर्ण दाबाने बाहेर येतो. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख २००५ पासून वाकडं उगवतं. त्या दिवशी दार उघडणारा माझाच पोऱ्या होता, आणि त्याला दार उघडायला मीच सांगितलं होतं.